एकशेएक कप्पे

"एकशेएक!" शिडीच्या टोकावरून मोजू ओरडली.

खाली शिडी धरून उभा असलेला बगळा दचकला. "केवढ्यांदा ओरडतेस! झुरळ दिसलं का?"

"झुरळ नाही रे, कप्पे! एकशेएक आहेत. मी दोनदा मोजले. आणि पहिल्या कप्प्यावर एक नाही, शून्य लिहिलंय. शून्यापासून शंभरपर्यंत!"

"सुताराकडे एक फळी उरली असेल. खाली ये आता, माझे हात भरून आले."

"उरलेल्या फळीचा कुणी एवढा मोठा कप्पा करतं का? आणि शून्य कोण लिहितं? एखाद्या घराचा नंबर शून्य पाहिलायस कधी?"

"झालं यांचं सुरू!" धुळीचं फडकं झटकत टकळी म्हणाली. "एक मोजते, दुसरा कंटाळतो आणि काम मात्र मी एकटी करते. सकाळपासून बावीस कप्पे पुसलेत मी, बावीस!"

"एकोणीस," मोजू म्हणाली.

मोजूचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं. ती दहा वर्षांची होती आणि दिसेल ते मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, बसमधल्या खिडक्या, ताटातले वाटाणे, काहीही. बगळा तिचा मोठा भाऊ. तेरा वर्षांच्या त्या मुलात पायच जास्त होते, बाकीचा मुलगा थोडासाच. टकळी त्यांची मावसबहीण. तिला टकळी का म्हणतात, ते तिच्याजवळ दोन मिनिटं बसलं की कळे.

सुट्टीत मावशी त्यांना तलावावर पोहायला नेणार होती. पण मावशी रेडिओ केंद्रातलं रिळांचं भांडार सांभाळायची आणि नेमकं याच आठवड्यात ती जुनी इमारत रिकामी करायचा हुकूम आला होता. "शुक्रवारी चार वाजेपर्यंत मला मान वर करायला वेळ नाही," मावशी म्हणाली होती. "तोवर धूळ झटकायला येता का?" आज शुक्रवार होता.

भांडार तळघरात होतं. छताजवळच्या खिडक्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते बूट दिसत. खोलीभर जुन्या फितींचा आंबूस वास होता. आणि कप्प्याकप्प्यांत पुठ्ठ्याच्या चपट्या डब्या उभ्या लावलेल्या होत्या. प्रत्येक डबीत एक रीळ. डबीच्या कडेवर आठ आकडी क्रमांक, सुबक निळ्या शाईतला. बाकी एक अक्षर नाही.

"आई, यातलं गाणं कुठलं आणि भाषण कुठलं, कसं कळायचं गं?" टकळीने विचारलं.

मावशी संगणकासमोर बसून डोळे चोळत होती. "यादीत आहे ना. कुठल्या क्रमांकाच्या रिळात काय आहे, ते सगळं इथे आहे. फक्त ते रीळ कुठल्या कप्प्यात आहे, ते कुठेच लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा हजार रिळं आणि शोधायचं एकेक बघून. हे सगळं आप्पांनी लावलेलं. आप्पा म्हणजे माझ्या आधीचे भांडारपाल. त्यांना रीळ मागितलं की सरळ कप्प्यापाशी जायचे आणि काढून द्यायचे. आठ वर्षांपूर्वी ते अचानक गेले. मी वरच्या मजल्यावरून इथे आले, तेव्हा सांगायला कोणीच नव्हतं. आठ वर्षं मी रिळं शोधतेय, बाळांनो. महिन्याला फार तर पाच सापडतात."

"आणि चार वाजता काय होणार आहे?" बगळ्याने विचारलं.

मावशी संगणकापासून वळली. "साहेब म्हणतात, जे शोधता येत नाही ते असून नसल्यासारखं. नव्या जागेत त्याला जागा नाही. मी शोधून काढलेली तीनशे रिळं जाणार. बाकीची भंगारात."

तिघांनी एकदम कप्प्यांतल्या डब्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि टपालवाले काका खाली आले. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीच्या पट्ट्याला अडकवलेली काळी छत्री. बाहेर रखरखीत ऊन होतं, पण छत्रीशिवाय काकांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, तुमची तीन पत्रं," ते म्हणाले. मग टोपी काढून हातात फिरवत राहिले. "आज शेवटचा दिवस ना? म्हटलं, एकदा विचारून जावं. नसेल सापडलं तर राहू द्या. उगाच मनाला लावून घेऊ नका."

मावशीने मान खाली घातली. "कालही सात वाजेपर्यंत शोधलं हो. नाही सापडलं."

"काय नाही सापडलं?" टकळीने विचारलंच.

काका कसनुसं हसले. "माझी आई. ती इथे हवामानाच्या बातम्या वाचायची. मी आठ महिन्यांचा असताना गेली. घरी तिचा एक फोटो आहे, पण फोटो काही बोलत नाही ना! इथे तिचं एक रीळ आहे म्हणतात. तीन वर्षं झाली, अर्ज करतोय. एकदा ऐकायचं होतं, बस. घरी न्यायचं वगैरे नाही."

ते टोपी घालून पायऱ्या चढून गेले. मोजूने त्या दिवशी पायऱ्या मोजल्या नाहीत.

"आप्पांनी बारा हजार रिळं पाठ केली असतील का?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"काहीतरीच! मला अकराचा पाढा पाठ होत नाही," बगळा म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. कोणालाच होणार नाही. म्हणजे काहीतरी युक्ती असणार. मावशी, आप्पा रीळ काढायला जायचे तेव्हा काय करायचे गं? नीट आठव ना!"

"करायचे काय? डोळे मिटायचे, मान डोलवायचे, बोटं हलवायचे आणि पुटपुटायचे. 'उणे, अधिक, उणे...' असं काहीतरी. आम्ही वरून चिठ्ठी घेऊन यायचो आणि हसायचो. आम्हाला वाटायचं, मानेचा व्यायाम आहे. या बाजूला, त्या बाजूला!"

"उणे आणि अधिक?" मोजू उभीच राहिली. "व्यायाम नाही तो, मावशी. गणित आहे!"

ती धावत सात नंबरच्या कप्प्यापाशी गेली. सातच का, तर तो तिच्या उंचीवर होता. बगळ्याने वही काढली. सलग तीन डब्यांवरचे क्रमांक टकळीने वाचले आणि त्याने उतरवले:

३१४२१५११
३१४२२४२०
३१४२४२३८

"चढत्या क्रमाने आहेत. एवढी तरी शिस्त आहे म्हणायची," बगळा म्हणाला.

"वजाबाकी कर. दुसऱ्यातून पहिला."

"नऊशे नऊ."

"तिसऱ्यातून दुसरा?"

"एक हजार आठशे अठरा." बगळ्याची पेन्सिल थांबली. "अरेच्चा! हे नऊशे नऊच्या दुप्पट आहे."

त्यांनी त्याच कप्प्यातल्या आणखी दहा डब्या पाहिल्या. फरक कधी मोठा, कधी लहान, पण प्रत्येक वेळी नऊशे नऊने नि:शेष भाग जायचा!

"नऊशे नऊ म्हणजे नऊ गुणिले..." मोजूने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे मोठे झाले. "नऊ गुणिले एकशेएक!"

"एकशेएक कप्पे!" टकळी किंचाळली. "सुताराकडे फळी उरली होती म्हणे! ऐकलंस का रे, फळी उरली होती म्हणे!"

"ऐकलं, ऐकलं. सबंध रस्त्याने ऐकलं," बगळा म्हणाला, पण त्याचेही कान लाल झाले होते.

मोजूने पहिल्या क्रमांकाला एकशेएकने भागायला घेतलं. मोठा भागाकार होता, वहीचं अर्धं पान गेलं. शेवटी खाली बाकी उरली. सात.

दुसरा क्रमांक. बाकी सात. तिसरा क्रमांक. बाकी सात.

आणि कप्प्यावर लिहिलेलं होतं, ७.

"बाकी म्हणजेच कप्पा!" मोजू कुजबुजली. "म्हणून तर शून्य हवं. ज्याला पूर्ण भाग जातो, त्याची बाकी शून्य. आणि बाकी शंभराच्या वर जाऊच शकत नाही. शून्य ते शंभर. एकशेएक!"

मावशी खुर्चीवरून उठून त्यांच्यामागे येऊन कधी उभी राहिली, ते कोणाला कळलंच नाही. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"पण आप्पा एवढा भागाकार तोंडी करायचे?" टकळीला पटेना. "मला तर कागदावर करतानासुद्धा घाम फुटला असता."

"उणे, अधिक!" बगळा म्हणाला. "थांबा हं. शंभर म्हणजे एकशेएकला एक कमी. म्हणजे दर शंभरामागे एक उणा. क्रमांकाच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडल्या, तर प्रत्येक जोडी पुढच्या जोडीच्या शंभरपट. एकदा उणे, पुन्हा शंभरपट झाली की उण्याचं अधिक, परत उणे... एकतीस, बेचाळीस, पंधरा, अकरा. शेवटून धर. अकरा उणे पंधरा, अधिक बेचाळीस, उणे एकतीस. किती?"

"सात!" तिघंही ओरडली.

बिचाऱ्या आप्पांच्या मानेचा व्यायाम तो हाच होता.

"करून बघू या ना! आई, यादीतला एखादा क्रमांक सांग, कुठलाही."

मावशीने भराभर वाचला. बगळ्याने लिहून घेतला, जोड्या पाडल्या. "तेरा उणे पंचावन्न, अधिक नव्वद, उणे चाळीस. कप्पा आठ!"

तिघं आठकडे धावली. डब्या चढत्या क्रमाने होत्याच. पण तो क्रमांक तिथे नव्हता.

"नियम चुकला?" टकळीचा चेहरा पडला.

मोजूने वही ओढून घेतली आणि संगणकाच्या पडद्याशी ताडून पाहिली. "नियम नाही, तू चुकलास! यादीत आहे ४०९०५१५३ आणि तू लिहिलंयस ४०९०५५१३. एक आणि पाचाची अदलाबदल केलीस!"

"मावशी भराभर वाचते," बगळा पुटपुटला.

"त्रेपन्न उणे एक्कावन्न, अधिक नव्वद, उणे चाळीस. बावन्न!"

बावन्न नंबरच्या कप्प्यात, डावीकडून विसाव्या जागी, ती डबी शांतपणे उभी होती. जणू आठ वर्षं यांचीच वाट पाहत होती!

मग आणखी एक. आणखी एक. पंधरा मिनिटांत पंधरा रिळं. मावशीने टकळीला, मोजूला आणि बगळ्याला एकदमच कवेत घेतलं, त्यामुळे बगळ्याचं डोकं शिडीवर आपटलं.

"चला, साहेबांकडे!" ती म्हणाली.

साहेब वरच्या मजल्यावर खोक्यांच्या गराड्यात उभे राहून एकाच वेळी दोन फोनवर बोलत होते. माणूस दुष्ट नव्हता. फक्त त्यांच्या शर्टाच्या खिशात कामांची लांब यादी होती आणि चार वाजण्याच्या आत त्यांना त्यातल्या प्रत्येक ओळीवर रेघ मारायची होती. मावशीने सांगितलेलं त्यांनी अर्धवट ऐकलं.

"मॅडम, मुलांनी कोडं सोडवलं, छान झालं. पण ट्रक खाली उभा आहे."

"साहेब, कुठलंही रीळ मागा! मिनिटात काढून देतो," टकळी मध्येच म्हणाली.

साहेबांनी टेबलावरचा एक कागद उचलला. टपालवाल्या काकांचा अर्ज होता तो. "हा अर्ज तीन वर्षं माझ्या डोक्यावर बसलाय. हे रीळ काढून दाखवा. मी ट्रक थांबवतो. पण हे एवढंच हं, मला चार वाजता इमारतीची चावी द्यायची आहे."

अर्जावर मावशीने यादीतला क्रमांक लिहून ठेवला होता. ४०७२८१५९.

सगळी वरात तळघरात आली. मोजूने या वेळी स्वतः जोड्या पाडल्या. "एकोणसाठ उणे एक्क्याऐंशी, अधिक बहात्तर, उणे चाळीस. दहा! कप्पा दहा!"

दहा नंबरच्या कप्प्यात त्यांनी एकदा पाहिलं. दोनदा पाहिलं. बगळ्याने सगळ्या डब्या बाहेर काढून मागेही पाहिलं.

नव्हतं.

"यादीशी ताडून बघा," मावशी म्हणाली. ताडलं. क्रमांक यादीप्रमाणेच होता.

"यादी चुकीची असेल!" टकळी म्हणाली.

साहेबांना हे लागलं. "यादी चुकीची? आप्पांच्या जुन्या वह्यांवरून मी स्वतः उभं राहून ती टंकून घेतली आहे. एक जण वाचायचा, दुसरा टंकायचा. आणि प्रत्येक क्रमांक तपासलाय! आप्पांच्या सगळ्या क्रमांकांतल्या आकड्यांच्या बेरजेला नऊने भाग जातो, हे मलाही माहीत होतं बरं का. ज्याला गेला नाही, तो दुरुस्त केला. बारा हजार बेरजा केल्यात!"

"मग त्या वह्याच बघू या," बगळा म्हणाला.

"वह्या..." साहेब जरा अडखळले. "यादी तयार झाल्यावर वह्या रद्दीत गेल्या."

टकळीने कपाळावर हात मारला.

"सॉरी, मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले. "बाकीची रिळं सापडली ती योगायोगाने असतील. मी थांबू शकत नाही." आणि त्यांनी जिन्यातून हाक मारली, "मुकादम, सुरू करा!"

मुकादम आणि त्यांची दोन माणसं खोकी घेऊन आली. त्यांनी शंभर नंबरच्या कप्प्यापासून रिकामं करायला सुरुवात केली. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव. डब्या खोक्यात पडण्याचा धपाधप आवाज येत होता. प्रत्येक आवाजाबरोबर मावशीचे खांदे थोडे आणखी खाली जात होते.

मोजू दहा नंबरच्या कप्प्यासमोर जमिनीवर बसली होती. "चार आणि शून्य चार. चार आणि सात अकरा. तेरा, एकवीस, बावीस, सत्तावीस, छत्तीस. छत्तीसला नऊने भाग जातो. साहेबांचं बरोबर आहे..."

"रडू नकोस गं," टकळी तिच्याजवळ बसली. तिच्या स्वतःच्याच नाकाचा शेंडा लाल झाला होता. "बगळ्याने सकाळी चूक केली होती तेव्हासुद्धा आपल्याला असंच वाटलं होतं."

मोजूने मान वर केली.

"बगळ्या! तुझी सकाळची चूक! त्या चुकीच्या क्रमांकाची बेरीज कर!"

"पुन्हा माझीच चूक कशाला उगाळायची?"

"कर ना!"

"चार, शून्य, नऊ, शून्य, पाच, पाच, एक, तीन... सत्तावीस."

"आणि बरोबर क्रमांकाची?"

"तीपण सत्ता..." बगळा थांबला. "अर्थातच! आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्या."

"रांगेत दोघांनी जागा बदलली तर डोकी तेवढीच राहतात!" मोजू उडी मारून उठली. "साहेबांनी बारा हजार बेरजा केल्या, पण बेरजेला अदलाबदल दिसतच नाही! एक जण भराभर वाचत होता आणि दुसरा टंकत होता. तुझ्यासारखाच!"

"म्हणजे यादीतल्या क्रमांकात कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे झालेत," बगळा म्हणाला. "पण कुठले?"

"आठ आकडे. शेजारच्या जोड्या सातच. सगळ्या उलटून बघायच्या!"

"पहिली सोडा," टकळी म्हणाली. "ती उलटली तर क्रमांक शून्याने सुरू होईल. तसा एकही नाही इथे. मी पुसलेत ना सगळे!"

"एकोणीस," मोजूच्या तोंडून सवयीने निघालं. पण मुद्दा बरोबर होता. राहिल्या सहा. बगळ्याने उलटे क्रमांक लिहिले, मोजूने तोंडी बाक्या काढल्या; उत्तर शून्याच्या खाली गेलं की त्यात एकशेएक मिळवायचे. उणे, अधिक, उणे. ती डोळे मिटून मान हलवत होती आणि दारात उभी असलेली मावशी तिच्याकडे बघतच राहिली. थेट आप्पा!

"चौतीस, सहासष्ट, शहात्तर, त्र्याहत्तर, सदुसष्ट, सेहेचाळीस. सहा कप्पे!"

"मुकादम कुठवर आलेत?"

"ऐंशी!"

"आधी शहात्तर आणि त्र्याहत्तर!" बगळा आपले सगळे पाय एकदम वापरून धावला. मुकादमांच्या माणसांच्या पुढ्यातूनच त्याने शहात्तर चाळला. नाही. त्र्याहत्तर. नाही! टकळी चौतीसवरून ओरडली, "इथे नाही!" मोजू सेहेचाळीसच्या समोर चवड्यांवर उभी होती. "इथेपण नाही!"

मागे माणसं झपाट्याने कामाला लागली होती. खोकी भरत होती. पंचाहत्तर. चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. सत्तर.

मुकादम पांढऱ्या मिशांचे होते. सकाळपासून कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मोजूकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि हातातलं खोकं खाली ठेवलं.

"चला रे," ते आपल्या माणसांना म्हणाले, "चहाची वेळ झाली."

"आत्ताच तर घेतला की, मुकादम!"

"मग पुन्हा घेऊ. इथे फार धूळ आहे, घसा सुकतो." आणि मोजूकडे न बघता ते म्हणाले, "पाच मिनिटं लागतील आम्हाला. सहासुद्धा लागतील."

सहासष्ट. नाही.

उरला सदुसष्ट. तिघंही त्याच्यासमोर उभी राहिली. कोणालाच हात पुढे करवेना.

"तू बघ," बगळा म्हणाला.

मोजूने बोट डब्यांवरून फिरवत नेलं. आणि बोट थांबलं.

४०७२८५१९.

"आहे," ती म्हणाली. इतक्या हळू, की टकळीला वाटलं, नाहीच म्हणाली. "आहे! एक आणि पाच! परत एक आणि पाचच उलटे झाले होते!"

मग जो आरडाओरडा झाला, त्याने साहेब एका फोनवर कोणाला तरी ताटकळत ठेवून धावत खाली आले. मावशीने ताबडतोब यादीत शोधून पाहिलं. ४०७२८५१९ या क्रमांकाचं रीळ यादीत नव्हतंच! यादीतला एक क्रमांक रिळाविना होता आणि हे रीळ यादीविना.

"पण मी तपासलं होतं," साहेब म्हणाले. "नऊने भाग जात होता!"

"जाणारच, काका," मोजू म्हणाली. "खऱ्या आणि खोट्या क्रमांकात फरक आहे तीनशे साठचा. नऊ गुणिले चार गुणिले दहा. चार म्हणजे पाचातून एक गेला तो. शेजारचे आकडे उलटले की फरकात नऊ येतोच येतो, म्हणून नवाला चूक दिसत नाही. पण एकशेएक मूळ संख्या आहे. तिचे तुकडे पडत नाहीत. तिने नवाला भाग जात नाही, चाराला नाही, दहाला नाही. मग त्यांच्या गुणाकारात ती कुठून येणार? म्हणून अदलाबदल झाली की कप्पा बदलतोच."

"म्हणजे नऊने झाकलं आणि एकशेएकने पकडलं," साहेब म्हणाले. ते एका रिकाम्या खोक्यावर बसले. "मग शंभर कप्पे का नाही केले? सोपे पडले असते."

"शंभराने भागलं तर बाकी म्हणजे नुसते शेवटचे दोन आकडे. बाकीचे सहा गप्पच बसले असते. आप्पांना आठही बोलायला हवे होते."

साहेबांनी खिशातली यादी काढली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तिची घडी घालून ती परत ठेवली.

"मुकादम!" त्यांनी हाक मारली. "ट्रक भंगाराकडे जाणार नाही. नव्या जागी जाईल. खोक्यांवर कप्प्यांचे नंबर लिहा, रिळं सरमिसळ होऊ देऊ नका."

"मी लिहिलेलेच आहेत, साहेब," मुकादम मिशीतल्या मिशीत म्हणाले. "शंभरपासून."

"आणि नव्या जागी कप्पे किती लागतील?"

"एकशेएक!" तिन्ही मुलं ओरडली.

टपालवाल्या काकांना बगळ्याने तिसऱ्या गल्लीत गाठून आणलं. चार वाजून गेले होते. चावी अजून साहेबांच्याच खिशात होती. त्यांनी फोन करून ती सोमवारवर ढकलली होती. भांडाराशेजारच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मावशीने रीळ यंत्रावर चढवलं. काका खुर्चीच्या टोकावर बसले, पिशवी मांडीवर, छत्री खुर्चीच्या पाठीला.

फीत फिरू लागली. आधी खरखर. मग कोणीतरी घसा साफ केला. एक तरुण बाई, अगदी जवळून, कोणाला तरी म्हणाली, "लवकर आटपू या हं. बाळ उठलं असेल घरी."

काकांचा हात पिशवीवर घट्ट झाला.

मग तीच बाई, आता जरा सावरून, स्वच्छ आवाजात वाचू लागली. वाऱ्याचा वेग. तापमान. "उद्या दिवसभर आकाश निरभ्र राहील. पावसाची शक्यता नाही."

तीन मिनिटांत संपलं. मावशीने न विचारताच फीत मागे नेली आणि पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि टकळी अख्खी नऊ मिनिटं गप्प होती. हा तिच्या आयुष्यातला विक्रम होता.

शेवटी काका उठले. त्यांनी मोजूच्या डोक्यावर हात ठेवला, मग टकळीच्या, मग टाचा उंचावून बगळ्याच्या. "वाटत होतं, आवाज जाड असेल," एवढंच ते म्हणाले. "फोटोत जाड वाटतो."

"आठ वर्षं मी कप्पे शोधत होते," मावशी म्हणाली, "आणि तुम्ही आप्पा शोधून काढलेत. शहाणी गं माझी बाळं!"

"अजून काम आहे," साहेब म्हणाले. "अशी उलटी झालेली रिळं आणखी निघतील. यादी दुरुस्त करायला मला तीन तपासनीस लागतील. सोमवारपासून याल? या वेळी मी ऐकेन. दोन्ही फोन बंद ठेवून."

"सोमवारी येऊ," टकळी म्हणाली. तिची नऊ मिनिटं संपली होती. "उद्या आणि परवा आम्ही तलावावर पोहायला जाणार आहोत, आईने कधीपासून कबूल केलंय, आणि बगळ्याला तर अजून तरंगतासुद्धा येत नाही..."

काका जिना चढून निघूनही गेले, तेव्हा मोजूचं लक्ष खुर्चीच्या पाठीकडे गेलं. काळी छत्री तिथेच लटकत होती! ती उचलून मोजू धावत सुटली आणि फाटकापाशी तिने काकांना गाठलं.

"काका, छत्री! विसरलात!"

काकांनी वर पाहिलं. आकाश निळंभोर होतं, पण त्यांना त्याची खात्री करून घ्यायची नव्हती.

"विसरलो नाही, बाळा," ते हसून म्हणाले. "राहू दे तिथेच. उद्या पाऊस नाही. आई म्हणाली ना."